साडेपाचशे वॅट

उचाने कागदावर लिहून दिलं:
ग्राफिक्स कार्ड, जुनं, तीनशे ऐंशी लारी.
खाली पॉवर सप्लायसमोर एक शून्य,
शून्याला डोळे, नाक, हसरं तोंड.
"आहे तोच चालेल, आई."

बटणांच्या डब्यात तळाशी चारशे होते.
दोन नवरींचे झगे
आणि मयताचा एक कोट, रातोरात अरुंद केलेला.

मी मशीनवरून मान वर न करता विचारलं,
"आहे तो किती वॅटचा?"
तो दचकला.
मला फक्त इंच कळतात असं त्याला वाटतं.

साडेतीनशे. तेही स्टिकर म्हणतो म्हणून.
कंपनीचं नाव नाही.
हातात घेतला तर चिमणीएवढा हलका.
आत पुरेसं तांबं असतं तर मनगटाला कळलं असतं.
कापडाचं असंच असतं, म्हटलं,
भाव नंतर विचारावा, आधी तोलून बघावं.

त्याला कुताइसीचा तो हिवाळा माहीत नाही.
मी सोळा वर्षांची होते,
अख्ख्या इमारतीने दवाखान्याच्या लाइनीवर आकडा टाकला होता,
माझ्या बापानेही; आणि तो तर वीजखात्यातला.
दिवा तांबडा जळायचा, सुईत दोरा ओवण्यापुरता.
मग एका रात्री वीज आली ती दुप्पट आली.
नातेलाची शिलाई मशीन जळाली, रेडिओ जळाला,
जिन्यात तीन दिवस तो वास.
वीज नसली की माणूस मेणबत्ती लावतो.
वाईट वीज आली तर काय लावशील, उचा?

तो काही बोलला नाही. शून्य खोडलं.

कार्ड बाद्रीच्या गॅरेजात.
तिथे बारा कार्डं दोन वर्षं रात्रंदिवस नाणी खणत होती,
अशी नाणी जी कुणाच्या खिशात वाजत नाहीत.
आता दार सताड उघडं, फळ्या रिकाम्या.
बाद्री सांगत होता, तेव्हा इतकं ऊबदार असायचं
की गल्लीतल्या मांजरी इथेच व्यायच्या.
कार्डाच्या फटीत एक पांढरा केस अजून होता.
मी पंखा बोटाने फिरवला. घरघरला.
बाद्रीने खिडकीबाहेर पाहिलं.
त्याच्या जाकिटाची चेन तुटलेली होती,
सेफ्टी पिनांवर चाललेलं सगळं.
बसवून देते, म्हटलं, पितळेची.
दोनशे चाळीस.

उरले एकशे साठ.
नवा सप्लाय तेवढ्यालाच, साडेपाचशे वॅट, पाच वर्षांची हमी.
दुकानातून येताना उचाने तो पोटाशी धरला होता.
जड होता. मी मुद्दाम घेतला नाही त्याच्याकडून.

घरी आलो तर कार्ड दोन बोटं लांब.
तो खालीच बसला, डोकं धरून.
मी म्हटलं, अंगात बसत नाही म्हणून कुणी कापड फेकतं का,
शिवण उसव.
आतला पत्र्याचा पिंजरा त्याने ड्रिलने काढला,
मी टॉर्च धरला,
आत पडलेला स्क्रू माझ्या चिमट्याने निघाला.
पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी; सहा लारी, उधार.
वायरी ताठ, कशाही वळत नव्हत्या,
त्या मी झग्याच्या उरलेल्या रिबिनीने बांधल्या.
आत अंधार, धूळ, आणि मधेच ते पांढरं सॅटिन.
"हे कुणाला दाखवायचं नाही," उचा म्हणाला,
मग त्यानेच फोटो काढला.

त्याचं ते चित्र, जुना पूल, खाली रिओनी, पुलावर अस्वल,
(अस्वल का, ते मी विचारलेलं नाही)
आधी रात्रभर शिजायचं आणि पहाटे अर्धवट मरायचं.
आज अकरा मिनिटं.
अस्वलाच्या पाठीवरचा बर्फ वेगवेगळा दिसत होता.
उरलेल्या रात्रीचं काय करायचं ते त्याला सुचेना.
झोपला शेवटी, बूट न काढता.

मला बाद्रीचं जाकीट संपवायचं होतं.
मागच्या जाळीतून कोमट हवा येत होती,
खुर्ची तिकडे सरकवली, बोटं शेकली.
कार्डाचा पंखा घरघरत होता, ते बरं वाटत होतं.
नव्या डब्याचा मात्र आवाजच नाही.
दोनदा उठले,
वाकून पाहिलं,
चालू आहे ना.